तीन जर्मन ओळी

आमच्या घरात एक जर्मन पुस्तक होतं आणि घरात कोणालाच जर्मन येत नव्हतं. बाबा नागपूरला एका छापखान्यात कंपोझिटर होते. कुठलंसं जुनं ग्रंथालय मोडीत निघालं आणि त्याची पुस्तकं बांधणीसाठी छापखान्यात आली, त्यातलं हे कोणालाच नको होतं म्हणून बाबांनी मागून घेतलं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात युरोपातल्या एका गरम झऱ्यांच्या गावी बुद्धिबळाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली होती. तिचा प्रत्येक डाव त्यात छापला होता, पहिल्या चालीपासून शेवटच्यापर्यंत. मध्ये मध्ये पटाच्या आकृत्या, आणि शेवटी कोण कितवा आला त्याचा तक्ता.

मजकूर कळत नसला तरी चाली कळतात, हे बाबांनी पंधरा दिवसांत शोधून काढलं. एस म्हणजे घोडा, टी म्हणजे हत्ती, डी म्हणजे वजीर. जन्मभर अक्षरं जुळवणाऱ्या माणसाला त्यात काही विशेष वाटलं नाही. अडचण वेगळीच आली. बाबांना येत होतं ते आपलं देशी बुद्धिबळ, त्यात प्यादं एका वेळी एकच घर चालतं. या पुस्तकातले लोक पहिल्याच चालीला प्यादं दोन घरं पुढे नेत होते. बाबांना वाटलं, छपाईची चूक. त्यांनी पेन्सिल घेतली आणि पहिल्या अकरा डावांच्या सुरुवाती दुरुस्त करून टाकल्या, समासात प्रूफ तपासतानाच्या खुणांसकट. पुढे एकाही डावाचा मेळ बसेना, तेव्हा त्यांना शंका आली की जर्मन माणसं बरोबर असावीत. त्या खुणा अजून तशाच आहेत. बाबांनी खोडल्या नाहीत, आपली चूक खोडायची नसते असं त्यांचं म्हणणं. मला त्यांचा हा गुण लागला नाही.

बाबांना खेळ कोणी शिकवला नव्हता. त्यांच्या लहानपणी गावात पाटलाच्या ओट्यावर पट मांडला जायचा आणि आमच्या वस्तीतल्या पोरांनी रस्त्यावरून बघायचं. ओट्यावर चढायची सोय नव्हती, मोहऱ्यांना हात लावणं तर दूरच. बाबांनी लांबून बघून बघून खेळ डोक्यात बसवला. म्हणून त्या पुस्तकातल्या डावांपेक्षाही त्यांचं प्रेम शेवटच्या तक्त्यावर होतं. माझं बोट धरून ते त्या चौकटींवरून फिरवायचे आणि म्हणायचे, "हे बघ. इथे प्रत्येकाला प्रत्येकाशी खेळावं लागतं. पहिल्या नंबरवाल्यालाही शेवटच्या नंबरवाल्यासमोर बसावं लागतं. मी याच्यासमोर बसत नाही, असं म्हणायची सोयच नाही."

तक्त्यात सगळ्यात खाली जो होता, त्याला बाबा 'आपला माणूस' म्हणायचे. स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत आपल्या माणसाची गाठ थेट पहिल्या नंबरवाल्याशी पडली होती आणि त्याने त्याचा घाम काढला होता. त्या काळी डाव लांबला की तिथेच थांबवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुढे खेळायचे. हा डाव एकतिसाव्या चालीवर थांबला होता, आणि आपला माणूस जिंकत होता. मोहरे मोजा, जागा बघा, काहीही करा, जिंकत होता. पण पुढच्या चाली छापलेल्याच नव्हत्या. आकृतीच्या खाली तीन ओळी जर्मन मजकूर, आणि मागच्या तक्त्यात त्याच्या नावापुढे शून्य.

"हा हरलाच कसा?" हा आमच्या घरातला कायमचा प्रश्न होता. दर रविवारी विहारातून आलं की बाबा पलंगावर पट मांडायचे, एकतिसावी चाल लावायचे आणि आपला माणूस कुठे चुकला असेल ते शोधायचे. चूक सापडायची नाही. वैतागलेली आई म्हणायची, "तुमच्या त्या माणसाला उचला आता, मला गाद्या घालायच्यात." बाबा उचलायचे आणि पुढच्या रविवारी परत मांडायचे. त्या तीन ओळींत उत्तर आहे हे त्यांना कळत होतं. कॉलेजात जर्मन शिकवणारे एक प्राध्यापक नागपूरला होते, पण त्यांच्या बंगल्याचं फाटक उघडून आत जाणं बाबांना जमलं नाही. दोनदा जाऊन परत आले, हे मला आईने सांगितलं.

मी शिकायला अमेरिकेला निघाले तेव्हा विमानतळावर बाबांनी माझ्या हातात एक घडी घातलेला कागद दिला. मला वाटलं कुठल्यातरी नातेवाइकाचा पत्ता असेल. बघते तर त्या पानाची झेरॉक्स. "तिकडे कोणी जर्मन येणारं भेटलं तर विचार," ते म्हणाले. दुसरं काही मागितलं नाही त्यांनी माझ्याकडे, ना तेव्हा, ना नंतर.

मिशिगनमधल्या युनिव्हर्सिटीत माझ्या शेजारच्या टेबलावर एक जर्मन मुलगा बसायचा. दोन वर्षं मी त्याला विचारलं नाही. आळस, दुसरं काय. आज विचारू, उद्या विचारू. आणि ज्या दिवशी विचारलं, तो दिवस मी निवडायला नको होता.

ती पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. दर रविवारी सकाळी मी फोनकार्ड घेऊन घरी फोन करायची. फोन नेहमी आईच उचलायची, एका रिंगमध्ये, आणि बाबांना शेवटची दोनच मिनिटं मिळायची. त्या हिवाळ्यात एका रविवारी फोन बाबांनी उचलला. म्हणाले, आई विहारात गेलीय. पुढच्या रविवारी आई शेजारी गेली होती. त्याच्या पुढच्या रविवारी झोपली होती, संध्याकाळी सात वाजता. माझी आई संध्याकाळी सातला जन्मात कधी झोपली नव्हती. मी विचारलं, "बाबा, बरी आहे ना ती?"

"बरी आहे, तिला काय झालंय. तुझी परीक्षा कधी आहे?"

परीक्षा दहा दिवसांवर होती. पीएचडीला पुढे ठेवायचं की घरी पाठवायचं ते ठरवणारी परीक्षा. "तू अभ्यास कर," बाबा म्हणाले, "आणि आता तू फोन करू नको, मीच करत जाईन." बाबांनी आयुष्यात कधी परदेशी फोन लावला नव्हता. मंगळवारी त्यांनी लावला. मजेत आहोत म्हणाले. त्यांच्या मागे ट्रॉली ढकलल्याचा आवाज येत होता आणि कोणीतरी बाई जोरात विचारत होती, बारा नंबरच्या पेशंटचं कोण आहे. बाबांनी पटकन फोनवर हात ठेवला. मग हात काढून म्हणाले, "बाजारातून बोलतोय, गडबड आहे फार."

आपल्याकडे हे असंच असतं. परदेशातल्या पोरांना वाईट बातमी कळवायची नाही. उगाच टेन्शन नको, तिकडे एकटी आहे, येऊन ती काय करणार. सगळी गल्ली त्यात सामील असते आणि सगळे मायेने खोटं बोलतात. मी आजवर किती जणांकडून या गोष्टी ऐकल्या आहेत. परीक्षा झाल्यावर सांगितलं, तिकीट काढल्यावर सांगितलं, घरी पोचल्यावर दारातच कळलं. सगळे शेवटी म्हणतात, मला काही माहीतच नव्हतं.

मला माहीत होतं. हे मी आज पहिल्यांदाच लिहितेय. बारा नंबरच्या पेशंटचं कोण आहे हे मला त्या मंगळवारीच कळलं होतं. बाबा खोटं बोलतायत हे कळलं होतं आणि ते खोटं माझ्या सोयीचं होतं. गेले असते तर परीक्षा बुडाली असती, व्हिसाचा शिक्का परत मिळाला नसता तर सगळंच बुडालं असतं. मी स्वतःला समजावलं की बाबा म्हणतायत ना बरी आहे, मग बरी असेल. मोठ्या माणसांवर विश्वास ठेवावा. एरवी मी त्यांच्या कुठल्या बोलण्यावर इतका विश्वास ठेवला होता?

बुधवारी दुपारी अभ्यासात लक्ष लागेना म्हणून मी ड्रॉवर आवरायला काढला आणि त्यात ती झेरॉक्स सापडली. काहीतरी चाळा हवा होता, म्हणून शेजारच्या जर्मन मुलाला दाखवली. त्याने बर्गर खाता खाता वाचून दाखवलं. हा खेळाडू दुसऱ्या दिवशी डाव पुढे खेळायला आला नाही. आईची तब्येत बिघडल्याची तार आली म्हणून तो सकाळच्याच गाडीने गावी निघून गेला. नियमाप्रमाणे डाव समोरच्याला देण्यात आला.

"सॅड," तो मुलगा म्हणाला, "ही वॉज विनिंग." कोणीतरी मोजून कानाखाली द्यावी तसं मला झालं. मी थँक्स म्हटलं, कागदाची घडी घातली आणि परत ड्रॉवरमध्ये, वह्यांच्या खाली ठेवली. तरीही गेले नाही. इतकं स्पष्ट कोणी मला सांगितलं नसतं, आणि तरीही गेले नाही.

परीक्षा झाली. पास झाले. संध्याकाळी बाबांचा फोन आला, त्यांच्याकडे सकाळ होती. "झाली का चांगली?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मग ते म्हणाले, "बाळा, आई गेली." जाऊन चार दिवस झाले होते.

उन्हाळ्यात मी घरी गेले. बाबांनी एका शब्दाने मला बोल लावला नाही. उलट सगळ्यांना सांगत होते, पोरगी पास झाली. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी सहज विचारलं, "जर्मन येणारं कोणी भेटलं का गं?" मी म्हटलं, "नाही, बाबा." ते म्हणाले, राहू दे, आणि पुस्तक ट्रंकेत गेलं. त्यानंतर त्यांनी तो डाव मांडलेला मी पाहिला नाही.

मधली वर्षं नोकरीत, लग्नात, मुलीच्या शाळेत गेली. आम्ही मिशिगनमध्येच ट्रॉयला घर घेतलं. मी गाड्यांच्या कंपनीत काम करते, आमच्या मीटिंगांमध्ये दोन-तीन जर्मन हमखास असतात. त्यांच्यापैकी कोणी हॅलो म्हटलं तरी मला तो कागद आठवायचा. चार वर्षांपूर्वी बाबांना कायमचं इकडे आणलं. छापखान्यातल्या शिशाने म्हणा की वयाने, त्यांची फुप्फुसं खराब झाली होती. बॅग उघडली तर दोन स्वेटर, औषधं आणि ते पुस्तक. मी ते मुद्दाम वरच्या कपाटात ठेवलं, म्हटलं धूळ नको.

पण आजोबा आणि नातीची चांगलीच गट्टी जमली. माझी मुलगी चौदा वर्षांची, फोनवर बुद्धिबळ खेळते, एका डावाला तीन मिनिटं. बाबांना तो प्रकार पटायचा नाही. "ही खेळते की भाजी चिरते?" असं ते मला विचारायचे. ती त्यांच्याशी इंग्रजीत बोलायची, ते तिच्याशी मराठीत, आणि दोघांचं व्यवस्थित चालायचं. एव्हाना बाबांच्या नाकाला कायमची ऑक्सिजनची नळी लागली होती आणि डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं होतं. बाबांनी तिच्याकडून ते पुस्तक कपाटातून काढून घेतलं ते याच दिवसांत.

गेल्या मार्चमधला शनिवार होता. मी पोळ्या करत होते आणि दोघं जेवणाच्या टेबलावर पट मांडून बसले होते. बाबा तिला आपल्या माणसाची गोष्ट सांगत होते. मी ऐकत होते आणि पोळी करपत होती.

"बट आजोबा, व्हॉट डझ धिस पार्ट से?" तिने विचारलं.

"ते जर्मन आहे, बेटा. कोणाला येत नाही."

"आय कॅन स्कॅन इट. टेक्स टू सेकंड्स."

"आधी जेवून घ्या," मी म्हणाले. माझा आवाज जरा चढला असावा. "पोळ्या गार होतायत. ते नंतर करा."

"मम्मा, टू सेकंड्स." आणि तिने पानावर फोन धरला.

पन्नास वर्षं जे फाटक बाबांना उघडता आलं नाही, ते तिने दोन सेकंदांत उघडलं. तिने मोठ्याने वाचलं, तिच्या त्या भरभर इंग्रजीत. बाबांनी परत वाचायला सांगितलं, हळू. तिने हळू वाचलं. मी गॅस बंद केला आणि सिंकपाशी तशीच उभी राहिले. मला वाटलं आता ते माझ्याकडे बघतील. ते पटाकडे बघत होते.

"म्हणजे चुकला नव्हता तो," बाबा म्हणाले. मग पटावरची नजर न हलवता मला म्हणाले, "तुझी आई म्हणाली होती मला. एकदा गाद्या घालताना म्हणाली, घरी कोणी आजारी असेल त्याच्या, उठून गेला असेल बिचारा. मी हसलो तिला. म्हटलं, असा जिंकलेला डाव टाकून कोणी जातं का." त्यांना धाप लागली. मुलीने नळी नीट केली. "वेळेवर पोचला का गं तो? दिलंय का पुढे काही?"

"नो, आजोबा. दॅट्स इट."

ती जेवून मैत्रिणीकडे गेली. माझा नवरा ग्रोसरीला गेला होता. बाहेर अर्धवट वितळलेला, मळलेला बर्फ आणि भरपूर ऊन होतं. बाबा आरामखुर्चीत बसले होते, मी त्यांच्या पायांवर शाल घालत होते. तेव्हा त्यांनी बोलायला सुरुवात केली. दर दोन शब्दांना थांबावं लागत होतं, पण त्यांनी मला मध्ये बोलू दिलं नाही.

"तेव्हा मी तुला खोटं सांगितलं. सगळ्यांनी सांगितलं, पोरीची परीक्षा आहे, कळवू नका. मीही म्हटलं, नको कळवायला. पण मला वाटत होतं की तू ओळखशील. मी बाजारातून बोलतोय म्हणालो ना, त्या दिवशी तुला कळेल असं वाटलं होतं. मला खोटं कुठे येतं बोलता? तुझ्या आईलाही तेच वाटत होतं. ती म्हणायची, तिला कळेल, ती निघाली असेल. दोन दिवस दाराकडे बघत होती."

मी शाल नीट करत राहिले. शाल केव्हाच नीट झाली होती.

"मला एवढंच विचारायचंय," बाबा म्हणाले. "रागवून नाही विचारत. कळलं होतं का तुला?"

इतक्या वर्षांत मी हे कितीतरी वेळा मनात बोलून झाले होते. गाडी चालवताना, अंघोळ करताना, मीटिंगमध्ये. हो बाबा, कळलं होतं. ट्रॉली ऐकली होती मी. आणि ते जर्मनही दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. शब्दन् शब्द तयार होता, फक्त तोंड उघडायचं होतं. मी वर बघितलं. बाबांचा चेहरा इतका घाबरलेला मी कधी पाहिला नव्हता. त्यांना उत्तर ऐकायचं नव्हतं. त्यांना एकच उत्तर ऐकायचं होतं.

"नाही हो, बाबा," मी म्हटलं. "कळलं असतं तर आले नसते का?"

त्यांनी डोळे मिटले. इतका मोठा श्वास त्यांना कितीतरी महिन्यांत घेता आला नव्हता. "तेच," ते म्हणाले. "तेच मी तुझ्या आईला सांगत होतो. कळलं असतं तर आली असती." मग त्यांनी चहा मागितला आणि साखर घाल म्हणाले.

बाबा त्यानंतर सात आठवडे जगले. त्या काळात भेटायला बरीच माणसं येऊन गेली. इथल्या विहारातली मंडळी, माझ्या ऑफिसातले लोक, युनिव्हर्सिटीत शिकणारी नागपूरची दोन मुलं. बाबांना बोलायला त्रास व्हायचा, पण ही एक गोष्ट ते प्रत्येकाला सांगायचे, न विचारता. "हिची आई गेली ना, तेव्हा आम्ही हिला कळूच दिलं नाही. हिला काहीच माहीत नव्हतं. नाहीतर ही सगळं टाकून आली असती." विहारातले काका-काकू माझ्याकडे बघून हळहळायचे, मुलं मान खाली घालायची. बाबाही माझ्याकडे बघायचे, एखाद्या लहान मुलीला सगळ्यांसमोर शाबासकी द्यावी तसे. मी हो म्हणायची आणि सगळ्यांना चहा द्यायची.